सरळ दाण्यातल्या फांद्या

कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. पाठीमागे आणि हळूहळू तोंडावरही सगळे 'चिकटबाई'च म्हणायचे. वितळलेलं प्लास्टिक किती चिकट आहे हे मोजणं हे तिचं काम, आणि एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट न सोडणं हा तिचा स्वभाव. दोन्हींना एकच शब्द पुरला. नवऱ्याचं म्हणणं असं, की तिच्या डोक्यात शंका शिरली की घरातल्या भाजीत मीठ दोनदा पडतं, म्हणून त्याला तिच्याआधी कळतं.

त्या महिन्यात मीठ रोज दोनदा पडत होतं.

सुरुवात झाली कॅनवाल्याच्या फोनने. कारखान्यात प्लास्टिकचा दाणा तयार व्हायचा, पोत्यांत भरून गिऱ्हाइकाकडे जायचा, आणि कॅनवाला त्या दाण्याचे पाण्याचे मोठे कॅन बनवायचा. जुनं गिऱ्हाईक, तोंडाने सभ्य. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता.

"तुमचा दाणा फुगतोय बाई. साच्यात वितळलेल्या प्लास्टिकची नळी उतरते ती नेहमीपेक्षा जाड. कॅनच्या तळाला नुसता थर आणि खांद्याला पापुद्रा. भरलेला कॅन उचलला की खांद्यालाच चिरतो. मी मशीन बदललेलं नाही, माणूस बदललेला नाही. बदललाय तो तुमचा दाणा."

फुगतोय म्हटल्यावर तिच्या मनात पहिला शब्द आला तो 'फांद्या'. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. ह्या दाण्यातल्या साखळ्या सरळ असायला हव्यात. प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांना ती मोळीचं उदाहरण द्यायची. सरळ काठ्यांची मोळी सोडली तर काठ्या एकमेकींवरून घसरून मोकळ्या होतात. फांद्या असलेल्या काठ्यांची सोडली, तर एक ओढायला जावं आणि चार गळ्यात पडाव्यात. साखळीतल्या हजारो कार्बनांमागे एखादीच लांब फांदी फुटली, तरी वितळलेल्या रसाची चाल बदलते. सावकाश ढवळला तर तो अडून बसतो, जोरात ढवळला तर पातळ होतो, आणि अरुंद तोंडातून बाहेर पडला की फुगतो.

तिने तक्रार वर कळवली, आणि कॅनवाल्याने परत पाठवलेला दाणा आल्यावर मोजायला घेतला. दोन गोल थाळ्यांच्या मध्ये चिमूटभर वितळवला, हवा लागू नये म्हणून नायट्रोजनची धार सोडली आणि वरची थाळी अगदी हळू डावी-उजवी हलवत ठेवली. मशीनने आकडे दिले. सावकाश हलवताना दाणा जितका चिकट असायला हवा त्याच्या कितीतरी वर होता. वेग वाढवला तशी रेघ घसरगुंडीसारखी खाली आली. फांद्याच होत्या, तिला शंका नव्हती.

शंका आली ती पुढे. नियमाप्रमाणे तोच दाणा शेजारच्या चुंबकाच्या खोलीत गेला. तिथे एक भलंमोठं, माणसापेक्षा उंच पिंपासारखं चुंबक होतं, आणि ते सांभाळणारा माणूस चुंबकवाला म्हणून ओळखला जायचा. त्या चुंबकात प्लास्टिक घातलं की आतला प्रत्येक कार्बन आपण कुणाशेजारी बसलोय ते सांगतो. फांदी जिथे फुटते तिथला कार्बन वेगळ्या सुरात बोलतो आणि कागदावर त्याचा छोटा सुळका उमटतो. म्हणजे फांद्या थेट मोजता येतात. तिच्या थाळीला नुसता त्यांचा अडथळा जाणवतो.

चुंबकवाल्याने कागद तिच्या टेबलावर ठेवला. सुळका कुठेच नव्हता.

"फांदी नाही," तो म्हणाला.

"थाळी आहे म्हणते."

"थाळी काहीही म्हणेल. तिला फांदी दिसत नाही, ती अंदाज बांधते."

"तुम्ही चुंबकात किती वेळ ठेवलंत?"

"नेहमीइतकाच." त्याने चष्मा काढून पुसला. "बाई, माझ्या कामात मी आजवर खोट केलेली नाही."

खोट केली असं ती म्हणालीच नव्हती. मग हा खुलासा कशाला? तो गेल्यावर ती बराच वेळ त्या गुळगुळीत कागदाकडे बघत बसली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे मुरतंय हे तिला दोन दिवसांनी दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं. चुंबकाच्या खोलीला काचेची खिडकी आहे. तिथून जाताना तिला आत भावोजी दिसले.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ह्याच कारखान्याचे गोदामप्रमुख. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि पुढे तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहिले ते भावोजी. गावभर पसरलेल्या नात्यात तिच्या पाठीशी उभं राहणारं एकच माणूस होतं, ते हे. चुंबकाजवळ लोखंड चालत नाही म्हणून त्यांनी घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, पट्टा सगळं दाराबाहेरच्या टेबलावर काढून ठेवलं होतं, आणि चुंबकवाल्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. गोदामातल्या माणसाचं चुंबकापाशी काय काम? तिने दार ढकललं तशी दोघांचं बोलणं थांबलं.

"काय गं, जेवलीस का?" भावोजींनी विचारलं. अजून साडेदहासुद्धा वाजले नव्हते.

त्यानंतर ती पाळतच ठेवू लागली. भावोजी पुन्हा आले, पुन्हा घड्याळ काढून आत गेले, पुन्हा हलक्या आवाजात बोलले. मग एक दिवस ती मुद्दाम गोदामाच्या मागच्या बाजूने गेली. तिथे जुन्या फिल्मच्या भंगाराचा मोठा ढीग असायचा. पातळ पिशव्यांचं ते प्लास्टिक जातीचंच वेगळं, त्यात फांद्यांचं नुसतं रान. तो ढीग आता अर्धा उरला होता.

ढीग गेला कुठे? गोष्ट आपोआप जुळत गेली. कुणीतरी ते भंगार वितळवून, दाणा करून, चांगल्या पोत्यांत मिसळत असेल. गोदामाच्या चाव्या भावोजींकडे. चुंबकात फांद्या दिसू नयेत म्हणून चुंबकवाल्याला हाताशी धरलेलं. तिला स्वतःचाच राग आला, पण जुळलेली गोष्ट मोडवेना.

पुरावा हवा म्हणून तिने कॅनवाल्याच्या पोत्यातला दाणा एका काचेच्या बाटलीत भरला, झाकणावर चिकटपट्टी लावली, आणि पट्टी आणि काच दोन्हींवर येईल अशी तिरकी सही केली. बाटली आपल्या कपाटात मागे सरकवली. शुक्रवारी कपाट उघडलं तर बाटली जागेवरच होती. पट्टीही होती. पण सहीचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना भेटत नव्हते. कुणीतरी पट्टी सोडवून पुन्हा लावली होती, आणि जाड बोटांच्या माणसाने लावावी तशी, जरा खाली.

तिने कपाट बंद केलं. पाठ भिंतीला लावून उभी राहिली. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक माणसाच्या बोटांकडे ती त्या दिवशी बघत होती.

रविवारी ताईकडे जेवायला बोलावणं होतं. नाही म्हणता आलं नाही. ताईने नेहमीसारखं आग्रहाने वाढलं, नवरा आणि भावोजी क्रिकेटवर बोलत होते, आणि ती भावोजींच्या हातांकडे बघत होती. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातून निसटला. ताटात पाणीच पाणी झालं. भावोजी क्षणभर पेल्याकडे बघत राहिले, मग ती बघतेय हे लक्षात येताच त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला. उरलेलं जेवण डाव्या हाताने चमच्याने.

"हल्ली ह्यांचं लक्षच नसतं," ताई म्हणाली. "विचारलं की म्हणतात काही नाही. झोपेत बडबडतात, तेही नीट कळेल असं नाही."

खाई त्याला खवखवे, असं तिच्या मनात आलं.

भांडी आवरताना तिने स्वयंपाकघरात विषय काढला. जितका साधा आवाज काढता येईल तितका काढला.

"ताई, भावोजी बाहेर काही धंदा वगैरे बघतायत का? कुणाबरोबर भागीदारी?"

ताईचे हात थांबले. "कसला धंदा?"

"सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस. लहानपणापासून नाही विचारलंस." ताईने नळ बंद केला. "तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही गं."

ताईने पुन्हा नळ सोडला. त्यानंतर निघेपर्यंत दोघी बहिणी ताटंवाट्यांशिवाय कशाबद्दलही बोलल्या नाहीत.

सोमवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब म्हणजे उत्पादनप्रमुख. दाणा बनवणाऱ्या सगळ्या मशिनांवर त्यांचा हुकूम चालायचा आणि प्रयोगशाळाही त्यांच्याच हाताखाली होती. तिने थाळीचे आकडे पुढे ठेवले, भंगाराच्या ढिगाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. भावोजींचं नाव मात्र घेतलं नाही. "गोदामाकडून काही होतंय का ते बघायला हवं," इतकंच म्हणाली.

"गोदामाकडून," साहेब म्हणाले. त्यांनी मान डोलावली. "मलाही शंका होतीच. तुम्ही धाडस केलंत बाई, नात्यातला माणूस असून. हे मी विसरणार नाही."

त्याच दुपारी भावोजींना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं सांगून. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी काढून दिला तेव्हा सगळं गोदाम बघत उभं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"ह्यांना घरी बसवलंय. कुणीतरी कान भरलेत म्हणे. तू तिथेच असतेस. तुला काही कळलं का?"

"नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर हा एवढासा शब्द तिच्या तोंडात कडू औषधाच्या गोळीसारखा राहिला. नवऱ्याने ताट वाढलं आणि मीठ स्वतःच घातलं.

झोप लागत नव्हती म्हणून ती पडल्या पडल्या दिवस पुन्हा आठवत होती, आणि एका ठिकाणी अडखळली. साहेबांनी तिच्या थाळीवर आजवर कधीच विश्वास ठेवला नव्हता. "थाळीचं मला सांगू नका बाई, चुंबक काय म्हणतंय ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आज चुंबक 'फांदी नाही' म्हणत असताना, चुंबकाचा कागद न मागता, एक प्रश्न न विचारता, त्यांनी तिचं सगळं मान्य केलं होतं. तेही गोदामाचं नाव निघाल्याबरोबर. साखरेचं पोतं मुंगीच्या वाटेत आयतं पडावं तसं.

एवढा सुखासुखी पटलेला पुरावा तिला आवडेना.

सकाळी ती सरळ चुंबकाच्या खोलीत गेली. चुंबकवाला तिला बघून उठलासुद्धा नाही.

"आता काय मोजायचं राहिलंय?" त्याने विचारलं.

"माझ्या कपाटातली बाटली तुम्ही उघडलीत?"

"उघडली."

ती भांडणाच्या तयारीने आली होती, कबुलीच्या नाही. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. मला वाटलं होतं तुम्ही लबाडी करताय. तुमचं आणि गोदामप्रमुखांचं घरात काही बिनसलंय आणि त्यांच्यावर तुम्ही डूख धरलाय, असं मला वाटलं. तुम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेने बघायचात ना, खिडकीतून, ती नजर मी बघितली होती. म्हटलं, ही बाई दाणा गरम थाळीवर शिजवत ठेवते, त्यात फांद्या वाढवते आणि मग आकडे दाखवते. म्हणून तुमचा न शिजवलेला दाणा मला हवा होता. शनिवार, रविवार, सगळा वेळ तो चुंबकात ठेवला."

"आणि?"

त्याने कागद पसरला. नेहमीच्या कागदावर जिथे गुळगुळीत रेघ होती तिथे आता एक बारीक सुळका होता. अगदी किरकोळ. पण होता.

"फांद्या आहेत," तो म्हणाला. "लांब आहेत आणि फारच थोड्या. नेहमीच्या वेळात चुंबकाला त्या ऐकूच येत नाहीत. म्हणजे तुमचंही खरं आणि माझंही खरं होतं. कालच येऊन सांगणार होतो. तोवर तुम्ही साहेबांकडे जाऊन आला होतात."

ती कागदावर वाकली. मग सुळक्याच्या डाव्या-उजव्या बाजूची रिकामी जागा तिने बोटाने चाचपली.

"इथे काहीच कसं नाही?"

"तेच तर. फिल्मचं भंगार असतं तर तिथे आखूड फांद्यांचे सुळके रान माजल्यासारखे उगवले असते. दोन दिवसांत नाही, दोन तासांत दिसले असते. ह्या दाण्यात भंगार नाही बाई. चिमूटभरसुद्धा नाही."

खोलीत चुंबकाची थंड घरघर चालू होती. तिने विचारलं, "मग भावोजी तुमच्याकडे कशाला यायचे?"

चुंबकवाल्याने कागदाची घडी केली. मग म्हणाला, "मी शब्द दिला होता. पण आता शब्द पाळून त्यांचं आणखी वाटोळं करण्यात अर्थ नाही. त्यांचा उजवा हात बधिर होतो. वस्तू सुटतात. डॉक्टरांनी मानेची तपासणी सांगितली आहे, दवाखान्यातल्या त्या चुंबकाच्या नळकांड्यात झोपवून करतात ती. ते माझ्या चुंबकाचंच भावंड. तुमच्या भावोजींना बंद जागेची भीती वाटते. आत काय होतं, किती आवाज येतो, मध्येच थांबवता येतं का, हे विचारायला यायचे. बायकोला कळू द्यायचं नव्हतं. घाबरेल म्हणाले."

टेबलाखाली गेलेला तो हात तिला आठवला. कुणी कानशिलात मारावी तसं तिला झालं. पण रडत बसायची ती जात नव्हती आणि चुंबकवाल्याचा एक शब्द तिच्या डोक्यात खिळ्यासारखा रुतला होता: शिजवत ठेवते.

खरंच, तो दाणा थाळीवर वाढत होता. एकाच तुकड्यावर तिने दुसऱ्यांदा मोजलं की आकडा चढायचा, तिसऱ्यांदा आणखी चढायचा. तुकडा खराब झाला म्हणून ती पुढची मोजणी टाकून द्यायची, कुणाला दाखवायची नाही. चांगला दाणा असं करत नाही. उष्णतेत साखळ्या एकमेकींना जोडून घेऊ नयेत म्हणून दाणा बनवतानाच त्यात एक पांढरी पावडर मिसळलेली असते. ती पावडर असेल तर दाणा थाळीवर कितीही वेळ शांत पडून राहतो.

दोघांनी मिळून तीन तुकडे मोजले. गेल्या वर्षीचा राखून ठेवलेला दाणा पहिला. त्याची रेघ टेबलासारखी सपाट. कॅनवाल्याचा दाणा दुसरा. त्याची रेघ जिन्यासारखी चढत गेली. मग तोच कॅनवाल्याचा दाणा, पण त्यात चिमूटभर पावडर मिसळून. रेघ पुन्हा सपाट झाली.

"पावडरच पडलेली नाही," चुंबकवाला म्हणाला.

रोजच्या दाण्याची एक बाटली नियमाने राखून ठेवलेली असते. तिने त्या ओळीने काढल्या आणि मोजत गेली. वाईट दाणा एका मंगळवारी सुरू होत होता. आणि संपत होता तो कॅनवाल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भावोजी घरी बसले त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे तिने थाळीला हात लावायच्या आतच कुणीतरी जाऊन बिघाड दुरुस्त केला होता आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

दाणा जिथे वितळवून कापला जातो तिथल्या ऑपरेटरला सगळे 'भोंगा' म्हणत. मशिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तो शांत खोलीतही ओरडूनच बोलायचा. तिने पावडरच्या टाकीबद्दल विचारलं तेव्हा तो पहिल्यांदाच हळू बोलला.

"बाई, मला ह्यात घालू नका."

"टाकी बंद होती का?"

"बंद कुठली. वरून बघाल तर काठोकाठ भरलेली. ओल धरून पावडरीचं आत छत झालं होतं, आणि खाली पोकळ. पावडर खाली ढकलणारा स्क्रू नुसता हवेत फिरत होता."

"आणि अलार्म? पावडर पडली नाही तर अलार्म वाजतो ना?"

भोंग्याने मागे वळून बघितलं. "तो वायरीतून काढला होता. सारखा उगाच वाजायचा, लाइन थांबायची. साहेब म्हणाले काढा, नवीन येईपर्यंत. नवीन काही आला नाही. मग त्या कॅनवाल्याचा फोन आल्यावर साहेब स्वतः आले. बाजूला उभं राहून टाकी फोडून साफ करून घेतली, अलार्म जोडायला लावला. म्हणाले, झालं ते झालं, गावभर करू नका."

"माझ्या भावोजींना घरी बसवलं ते कळलं तुम्हाला?"

"कळलं," भोंगा म्हणाला आणि पायाखालच्या जाळीकडे बघत राहिला. "मला वाटलं, वेगळंच काही प्रकरण असेल. तसंच वाटून घेतलं."

तिने त्याला दोष दिला नाही. वाटून घेण्यात ती त्याच्या दोन पावलं पुढे होती.

साहेबांसमोर ती आणि चुंबकवाला दोघं उभे राहिले. तिन्ही रेघा टेबलावर होत्या. साहेबांनी त्या बघितल्यासारखं केलं.

"टाकी तुंबते बाई. मशीन आहे. ह्यात कुणाचा हेतू नव्हता."

"टाकी तुंबण्यात नव्हता," ती म्हणाली. "मी गोदामाचं नाव घेतलं तेव्हा टाकीचं तुम्हाला माहीत होतं."

"नाव तुम्ही घेतलंत. मी नाही."

हे खरं होतं, आणि ते तिला सगळ्यात जास्त बोचलं. "हो, मी घेतलं," ती म्हणाली. "वरच्या कचेरीला पाठवतेय त्या अहवालात तेही लिहिलं आहे."

वरच्या कचेरीने फार गाजावाजा केला नाही. कॅनवाल्याचा सगळा दाणा परत मागवला, त्याला बदलून दिला. साहेबांची बदली झाली, आणि निरोप समारंभात त्यांच्या दूरदृष्टीबद्दल भाषणं झाली. भावोजींना कामावर बोलावणारा फोन शुक्रवारी आला. तो येण्याआधी, गुरुवारी दुपारीच, ती ताईकडे गेली होती.

ताईने दार उघडलं. तिने उंबऱ्यातच उभं राहून सांगून टाकलं. साहेबांकडे आपण गेलो होतो, फोनवर 'नाही' म्हणालो ते खोटं होतं, आणि कशामुळे काय वाटलं, सगळं. ताई शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग आत निघून गेली. दार मात्र उघडं ठेवलं. भावोजी बाहेरच्या खोलीत मानेला पट्टा लावून बसले होते. हाताचं ताईला आता कळलेलं होतं. घरी बसल्यावर लपवणार कसं आणि किती?

"तपासणी परवा आहे," ते म्हणाले. "डोळे मिटून आत जायचं, आणि आत असेपर्यंत उघडायचेच नाहीत, असं तो चुंबकवाला म्हणाला."

"भावोजी, मी—"

"ऐकलं मी दारातलं." ते बोटं उघडमीट करून बघत होते. मग त्यांचा आवाज जरा चढला, आणि चढला तो भलत्याच मुद्द्यावर. "पण मला एक सांग. फिल्मचं भंगार? माझ्या पोत्यांत? तो ढीग मी शेजारच्या पिशवीवाल्याला उचलायला लावत होतो, घाण वास मारत होता म्हणून. आणि मला मिसळायचंच असतं तर मी फिल्म घालीन होय? जुन्या कॅनचाच चुरा घातला असता. सरळात सरळ. तुझ्या थाळीला नाही आणि त्याच्या चुंबकालाही पत्ता लागला नसता."

तिला हसू आलं, आणि अर्ध्यावर थांबलं. हे यांना इतकं नेमकं कसं माहीत? आधीचा महिना असता तर हा प्रश्न घेऊन ती गुपचूप घरी गेली असती आणि भाजीत मीठ दोनदा पडलं असतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने तिथेच विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? पोत्यांत जन्म गेला माझा." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "विचारतेयस, की तपासतेयस?"

"दोन्ही," ती म्हणाली.

आतून ताईचा आवाज आला, कोरडाच. "चहा टाकतेय. हिला विचारा, घेणार आहे की आधी प्रयोगशाळेत पाठवणार आहे."

भावोजी हसले नाहीत. तीही हसली नाही. "घेणार आहे," तिने आत ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं आणि खुर्ची ओढून बसली. चहा आला. ताईने कप तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला, आणि स्वतःचा कप घेऊन दूरच्या खुर्चीवर, पण त्याच खोलीत बसली.